‘मिटवून घ्या’ म्हणणाऱ्यांत आपणही आहोत



काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातल्या एका वस्तीवरून रात्री फोन आला. नवऱ्याने बायकोला बेदम मारलं होतं. सकाळी आम्ही तिघे कार्यकर्ते तिला घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. ठाणे अंमलदाराने मान वर न करता पहिला प्रश्न विचारला, “नवऱ्याचा नंबर आहे का?” नवऱ्याला बोलावलं. सासू आली, दीर आला, गावातले एक ज्येष्ठ पुढारी आले. पुढारी आपलेच, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असणारे. दोन तास बैठक चालली. शेवटी शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की यापुढे मारहाण करणार नाही, दारू पिणार नाही, नीट नांदवीन. खाली साक्षीदारांच्या तीन सह्या. त्यातली एक माझी. साधी एनसीसुद्धा झाली नाही. आम्ही चहा प्यालो, फोटो काढला आणि ‘एक संसार वाचवला’ असं लिहून मी तो ग्रुपवर टाकला. भरपूर अंगठे आले.

चार महिन्यांनी ती परत आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला तोच स्टॅम्प. म्हणाली, “दादा, ह्यो कागद आता कुणाला दाखवू?”

मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय. पितृसत्तेवर वीस मार्कांचं उत्तर लिहिलंय. पण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे, उशिरा दिलेलं.

स्टॅम्प पेपर आणि कोर्टाचा आदेश

उत्तर असं आहे की तो कागद कुणालाच दाखवून उपयोग नाही. नवऱ्याने तो मोडला तर गुन्हा होत नाही. पोलीस त्यावर उचलत नाहीत, कोर्ट त्यावर शिक्षा देत नाही. तो कागद तिच्यासाठी नव्हताच. तो पोलिसांना फाईल बंद करायला, पुढाऱ्याला वजन दाखवायला आणि मला फोटो टाकायला होता.

त्याच दिवशी, तेवढ्याच वेळात दुसरं काय होऊ शकलं असतं? ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे तक्रार घेऊन आलेल्या बाईला पोलिसांनी पाच गोष्टी सांगायच्याच आहेत. एक, या कायद्याखाली तिला संरक्षण आदेश, खर्च, मुलांचा ताबा, राहण्याचा हक्क, भरपाई मागता येते. दोन, तिला मदत करणाऱ्या नोंदणीकृत संस्था आहेत. तीन, संरक्षण अधिकारी आहे. चार, तिला मोफत वकील मिळतो. पाच, तिला फौजदारी तक्रारही करता येते; म्हणजे पूर्वीचं ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५. आमच्या त्या दोन तासांच्या बैठकीत या पाचपैकी एकही गोष्ट कुणी उच्चारली नाही. पोलिसांनी नाही, मीही नाही. मला तरी कुठे माहीत होत्या!

संरक्षण अधिकाऱ्याने तिचा घटना अहवाल भरायचा आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचा. तो अहवाल नसला तरी बाईला स्वतः अर्ज करता येतो. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांच्या आत पहिली तारीख द्यावी आणि साठ दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा, असं कायदाच म्हणतो. धोका असेल तर कोर्ट समोरच्याला न ऐकताही अंतरिम आदेश देऊ शकतं. घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. आणि मुख्य मुद्दा हा की, कोर्टाचा संरक्षण आदेश नवऱ्याने मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

म्हणजे तिच्या हातात असा कागद असता, जो दाखवल्यावर पोलिसांना उठून जावंच लागलं असतं. आम्ही तिला दुसरा कागद देऊन घरी पाठवलं.

ठाण्यातली तीन ठरलेली वाक्यं

शिरूर असो, शिक्रापूर असो, यवत असो की राज्यातलं कुठलंही ठाणं, बाईबरोबर गेलेल्या कार्यकर्त्याला तीन वाक्यं हमखास ऐकू येतात. ती पाठ करून ठेवा आणि उत्तरंही पाठ करा.

“हे आमच्या हद्दीत नाही, सासर आहे तिथं जा.” बाई बीड जिल्ह्यात नांदत होती आणि मार खाऊन शिरूरला माहेरी आली, तर तिने परत बीडला जाऊन तक्रार करायची का? सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात याचा निकाल लावलाय. सासरहून हाकलली गेलेली बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही तिला छळाची तक्रार दाखल करता येते. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कुठल्याही हद्दीतल्या दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायला सांगितलंय. झिरो एफआयआर ही मेहरबानी राहिलेली नाही.

“एनसी करून घेतो.” एनसी म्हणजे अदखलपात्र. नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेला छळ, स्वतः बाईने किंवा तिच्या नातेवाइकांनी सांगितला, तर दखलपात्र आहे. दखलपात्र गुन्ह्याला एनसीच्या वहीत ढकलणं म्हणजे तो गुन्हा मारून टाकणं. ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक केली. कौटुंबिक वादात प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, पण ती दिवसांत मोजायची आहे. नव्या संहितेत अशा चौकशीला १४ दिवस आहेत. ‘पुढच्या महिन्यात बघू’ याला कायद्यात जागा नाही. तरीही घेतलं नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, आणि पुढे न्यायदंडाधिकारी आहेच.

“बायका ४९८ चा गैरवापर करतात.” हे तर आता व्हॉट्सअॅपमुळे लहान पोरांच्याही तोंडी आहे. अर्णेश कुमार निकालाने (२०१४) ऊठसूट अटक करू नका, असं सांगितलं. तक्रार घेऊ नका, असं सांगितलेलं नाही. आणि गैरवापराची एवढी काळजी असणाऱ्यांनी एक आकडा बघावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) प्रमाणे महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण दर चार बायकांपैकी एकीने नवऱ्याची हिंसा सोसलीय. आणि देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुठे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. ज्या देशात पाऊणहून जास्त बायका तोंडच उघडत नाहीत, त्या देशात आपण उघडलेल्या तोंडांवर संशय घेत बसलोय.

‘तंटामुक्त’ गावाची किंमत

ही मिटवामिटवी एखाद्या हवालदाराच्या स्वभावातून येत नाही. ती सरकारनेच शिकवलेली आहे. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटवा आणि बक्षीस घ्या. बांधाचा वाद मिटला तर चांगलंच आहे. पण नवऱ्याने बायकोचं डोकं फोडणं हा तंटा आहे का? तंटा दोन बरोबरीच्या माणसांत होतो. इथे एकाच्या हातात घर, जमीन, भावकी, पुढारी सगळं आहे आणि दुसरीच्या हातात दोन पोरं आणि एक पिशवी. त्या दोघांना समोरासमोर बसवून ‘दोघांनीही थोडं थोडं समजून घ्या’ म्हणणं म्हणजे मारणाऱ्याची बाजू घेणं. गावाच्या वेशीवर ‘तंटामुक्त गाव’ अशी पाटी लागते, तेव्हा त्या पाटीखाली किती बायकांच्या तक्रारी गाडल्या असतील, हे कुणी मोजलेलं नाही.

समुपदेशनाला माझा विरोध नाही. मुंबई पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आत प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसते आणि बाईला काय हवं ते आधी विचारते, असं ते काम. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे पहिली अट हिंसा थांबण्याची असते. आपल्याकडच्या बैठकीत पहिली अट असते बाईने परत जाण्याची.

शिरूर आणि दौंडचं वेगळेपण

आपल्या दोन तालुक्यांत काही गोष्टी अशा आहेत की पुण्यातल्या सेमिनारमध्ये त्या कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ. एमआयडीसीच्या आजूबाजूला पत्र्याच्या आणि सिमेंटच्या खोल्यांच्या रांगा. मराठवाडा-विदर्भातून आलेली जोडपी, भाड्याची एक खोली, नवरा कंत्राटी कामगार. या बाईचं माहेर तीनशे-चारशे किलोमीटर लांब. रात्री मारलं तर जायचं कुठं? खोलीमालक म्हणतो, “रोजची कटकट, खोली खाली करा.” मार तिनेच खायचा आणि बेघरही तिनेच व्हायचं.

घोड आणि भीमेच्या पट्ट्यात ऊस. हंगामात तोडीला येणारं जोडपं म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाने दोघांच्या जिवावर उचल दिलेली असते. बाई नवऱ्याला सोडून निघाली तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही, म्हणून मुकादमही तिला परत पालात ढकलतो. तिच्या नवऱ्याची हिंसा ही कारखानदारीच्या हिशेबाचा भाग आहे. यातल्या कितीतरी बायका आपल्या आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, भटक्या-विमुक्त आहेत.

आणि दौंड. रेल्वेचं जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस बलाच्या दोन गटांचं गाव. इथे वर्दीतली घरं भरपूर. नवरा जर वर्दीतला असेल तर बाईने तक्रार कुणाकडे करायची? नवऱ्याच्या ओळखीच्या टेबलावर? अशा बाईची तक्रार तालुक्याबाहेरच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावी, एवढी साधी सोय हवी.

पुणे ग्रामीण पोलिसांचा भरोसा सेल आहे, सखी वन स्टॉप सेंटरची योजना आहे, १८१ आहे, ११२ आहे. हे सगळं कागदावर उत्तम. पण शिरूरच्या वाडीवरून पुण्याला जाऊन यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि पोराला कुठे ठेवायचं हा प्रश्न. मदत तालुक्याला नसेल तर बाईपुरती ती नाहीच. संरक्षण अधिकारी तालुका पातळीपर्यंत नेमा आणि कायद्याची माहिती लोकांपर्यंत पोचवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २० मे २०२५ ला द्यावा लागला. कायदा येऊन जवळजवळ वीस वर्षांनी!

हे बदलतं का? बदलतं. मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांचा अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. ज्या ठाण्यांत महिलांसाठी वेगळं मदत टेबल, ठरलेली पद्धत आणि प्रशिक्षण दिलं, तिथे बायकांच्या तक्रारींची नोंद वाढली. टेबलावर महिला अधिकारी असेल तर एफआयआरही वाढल्या. तिथले पोलीस रातोरात फुले-आंबेडकरवादी झाले नव्हते. त्यांना काम नेमून दिलं आणि त्याचा हिशेब ठेवला, एवढंच.

आसरा देणाऱ्यांचं काय होतं

ऑगस्ट २०२५ च्या पहिल्या आठवड्यातलं कोथरूड प्रकरण आठवा. छत्रपती संभाजीनगरची एक विवाहिता सासरच्या छळाला कंटाळून पुण्यात आली. तिला मदत करणाऱ्या तीन दलित तरुणींनी आरोप केला की पोलीस त्यांच्या खोलीत घुसले, त्यांना ठाण्यात नेलं, मारहाण केली, जातीवरून घाणेरडं बोलले. पोलिसांनी आरोप नाकारले आणि अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवायला लेखी नकार दिला. आयुक्तालयासमोर कार्यकर्ते मध्यरात्र उलटून गेल्यावरही बसून होते.

यातलं खरं-खोटं कोर्टात ठरेल. पण एक प्रश्न आजच विचारता येतो. घर सोडून आलेली सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीने आली असेल, तर पोलिसांचं काम तिला शोधून सासरी पोचवण्याचं आहे की तिचं संरक्षण करण्याचं? आसरा देणाऱ्या पोरींना जर असा अनुभव येत असेल, तर उद्या कुठली पोरगी कुणाला खोलीत घेईल?

आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुळशीतल्या भुकूमची घटना. पैसा, गाडी, सोनं, राजकारण सगळं असलेलं घर. हुंड्यासाठी छळाचे आरोप आणि तरुण सुनेचा मृत्यू. थोरल्या सुनेने त्याआधीच तक्रार केली होती, हे नंतर सगळ्या महाराष्ट्राला कळलं. त्या तक्रारीवर वेळीच पुरेशी हालचाल झाली असती तर? वरच्या जातीतली, पैशातली बाई मरते तेव्हा निदान टीव्ही येतो. आपल्या वस्तीतली मरते तेव्हा आकस्मिक मृत्यूची नोंद होते आणि दहाव्यापर्यंत सगळं शांत होतं.

आता आपल्याविषयी

पोलिसांना शिव्या घालणं सोपं आहे. पण त्या स्टॅम्पवर सही माझी होती.

बाहेरच्या जातीतल्या माणसाने आपल्या बहिणीवर हात टाकला तर आपण मोर्चा काढतो, काढलाच पाहिजे. आपल्याच भावाने टाकला की आपण म्हणतो, “समाजाची बदनामी नको.” विहारात बैठक घेतो, त्याला दोन शब्द सुनावतो, तिला चार. मग त्याच माणसाला जयंती कमिटीत घेतो. बुद्धांनी सिगालाला नवऱ्याची कर्तव्यं सांगितली, त्यात बायकोचा मान राखणं आहे, तिचा अवमान न करणं आहे. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. लग्न लावताना आपण हे सगळं माईकवर म्हणतो. मोडल्यावर कुणी विचारतं का?

बाबासाहेबांनी १९१६ मध्येच दाखवून दिलं की जात टिकते ती बाईवरच्या नियंत्रणामुळे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितलं की बायको ही नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण असावी, तिने गुलाम व्हायला नकार द्यावा. हिंदू कोड बिलात त्यांनी बाईला घटस्फोट आणि संपत्तीचा हक्क मागितला, आणि ते बिल रखडवलं म्हणून १९५१ मध्ये मंत्रिपदावर लाथ मारली. ज्या माणसाने बाईच्या घटस्फोटाच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडलं, त्याचे अनुयायी आज बाईला ‘नांदायला जा’ म्हणून समजावतात!

एक आक्षेप मला आपल्याच लोकांकडून ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. “पोलीस आपल्या पोरांना आधीच गुन्हेगार समजतात. १ जानेवारी २०१८ नंतर कोरेगाव भीमाच्या निमित्ताने वस्त्या-वस्त्यांत धरपकड झाली. आता घरच्या भांडणातही आपणच पोरं त्यांच्या हवाली करायची?” माझं उत्तर दोन भागांत आहे. २००५ चा कायदा मुळात दिवाणी स्वरूपाचा आहे. तो आधी मारहाण थांबवायला सांगतो, खर्च द्यायला सांगतो. आदेश मोडला तरच तुरुंग. कुणाला जेलमध्ये न घालताही बाईला वाचवण्याचा रस्ता त्यात आहे. तो वापरायचा की फौजदारी तक्रार करायची, हे तिने ठरवायचं. आणि दुसरं, पोलिसांच्या जातीयवादाची किंमत आपल्या बायकांनी घरात मार खाऊन का चुकवायची?

मागण्या आणि आपलं काम

पुणे ग्रामीण पोलीस आणि जिल्हा प्रशासनाकडे आपल्या मागण्या या असाव्यात:

१. शिरूर, शिक्रापूर, रांजणगाव, दौंड, यवत या प्रत्येक ठाण्यात महिला मदत टेबल, आणि तिथे महिला अधिकारी.

२. कलम ५ ची माहिती बाईला दिली, अशी लेखी पोच तिच्या सहीने. मराठी आणि हिंदीत.

३. ठाण्याच्या आवारात स्टॅम्प पेपरवर होणाऱ्या तडजोडी बंद.

४. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याचं नाव, नंबर आणि बसण्याची जागा प्रत्येक ठाण्यात, ग्रामपंचायतीत, सरकारी दवाखान्यात मोठ्या अक्षरात.

५. दोन्ही तालुक्यांत रात्री राहता येईल असा तात्पुरता निवारा. आधी एमआयडीसी पट्ट्यात.

६. ११२ वर आलेल्या घरगुती हिंसेच्या कॉलचं पुढे काय झालं, एफआयआर किती, एनसी किती, संरक्षण अधिकाऱ्याकडे किती पाठवले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा.

आणि आपण काय करायचं? ग्रामसभेत ठराव घ्या की स्त्रीवरची हिंसा तंटामुक्ती समितीपुढे जाणार नाही. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तर आपल्याला हे का जमू नये? प्रत्येक विहारामागे दोन तरुणी आणि एक तरुण असा गट करा, ज्यांना हा कायदा पाठ आहे. बाईबरोबर ठाण्यात जाताना एक स्त्री कार्यकर्ती असलीच पाहिजे. दवाखान्यात आधी जा, जखमांची नोंद करून घ्या. शिरूर आणि दौंडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोनही करता येतो. आणि जो मारतो त्याला जयंती कमिटीत जागा नाही, मग तो कितीही मोठा वक्ता असो.

आमच्या त्या बाईने शेवटी कोर्टात अर्ज केला. आता ती वेगळी राहते, पोरं तिच्याजवळ आहेत. तो स्टॅम्प मी तिच्याकडून मागून घेतला. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. कुणी पुन्हा “दादा, तुम्ही मध्ये पडून मिटवून टाका” म्हणालं की मी तो काढून माझी सही बघतो, आणि मग संरक्षण अधिकाऱ्याला फोन लावतो.

जय भीम! जय सावित्री!